सहावं शील

विशाखा माहेरी आली की आधी भांडते आणि मग पाणी पिते, असं तिचा धाकटा भाऊ भारत नेहमी म्हणायचा. त्या रविवारी मात्र ती भांडलीही नाही आणि पाणीही प्यायली नाही. दारातच भाचीला मिठी मारली आणि तशीच उभी राहिली.

महागावहून दिग्रसपर्यंत एसटी आणि तिथून दारव्ह्यापर्यंत जीपमध्ये अंग चेपून ती आली होती. येणं भागच होतं. आश्विन पौर्णिमा, वर्षावासाचा, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या व्रतकाळाचा, शेवटचा दिवस. बाबांनी, म्हणजे धम्मरत्नांनी, आधीच फोनवर फर्मावलं होतं, "भंते घरी भोजनदानाले येऊन राह्यले. दुपारी विहारात पारूचा अन माहा सत्कार हाये. कारण सांगायचं नाई." एसटीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी उभी नोकरी माइकवर गाड्या पुकारण्यात काढली. रिटायर होऊन जमाना झाला, पण आपण पुकारलं की गाडी सुटलीच पाहिजे, ही समजूत काही सुटली नव्हती.

"आत्या, सोड न," पारू म्हणाली.

विशाखाच्या तळहाताला ड्रेसवरूनही पोरीचे मणके लागत होते. मागच्या दिवाळीत याच पाठीवर तिनं धपाटे घातले होते, तेव्हा आवाज कसा भरीव यायचा.

"अवं माय, कुठं गेली गं तू?"

"इथंच तं आहो," पारमिता हसली. हसली तशी गालांची हाडं वर आली.

"उंची वाढून राह्यली न तिची," स्वयंपाकघरातून कुंदाचा आवाज आला. भाऊजयीच्या आवाजात आज नवीच ऐट होती. "पंधराव्या वर्षी अशीच सुटतात पोरी."

या ऐटीलाही कारण होतं. कुंदा बाभुळगावची. या घरात आली तेव्हापासून तिचं काही म्हणजे काही बरोबर नव्हतं. वरणात हिंग जास्त, बोलण्यात मान कमी, भारतच्या फोटो स्टुडिओत ती बसायची तेही कोणाला खपत नव्हतं. सासऱ्यांनी तिचं कौतुक केलं ते आयुष्यात पहिल्यांदा यंदाच्या पावसाळ्यात. "कुंदानं पोरीवर संस्कार केले," असं ते चारचौघांत म्हणाले होते. ते वाक्य ती तीन महिने जपून वापरत होती.

झालं होतं असं. पंचशील घरोघर घेतात. धम्मरत्न मात्र दर पौर्णिमेला अष्टशील घ्यायचे, आठ नियमांचं. त्यातला सहावा म्हणजे दुपारी बारा वाजल्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत अन्न घ्यायचं नाही. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला त्या सकाळी पारू आंघोळ करून आजोबांसमोर येऊन बसली आणि म्हणाली, "आबा, मलेही द्या. पौर्णिमेपुरतं नाही, पूर्ण वर्षावास." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्यांच्या वडिलांनी, उकंडानं, नागपूरला दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षी जन्मलेलं पोर ते; घरातलं पहिलं बौद्ध नाव त्यांचं. पण इतक्या वर्षांत पोटच्या एकाही लेकरानं शील मागितलं नव्हतं, आणि ही नात मागत होती. त्यांनी अर्ध्या तालुक्याला फोन करून सांगितलं. मग रोज सकाळी बुद्धमूर्तीसमोर ते एकेक शील म्हणायचे आणि पारू त्यांच्या मागून म्हणायची.

"मंग बाराच्या आत पोटभर जेवते न?" विशाखानं कणीक मळायला घेत विचारलं.

"जेवते न! शाळा सकायची. डबा देते मी, रिकामा वापस येते."

"आज तं शाळा नाई. आज काय खाल्लं तिनं?"

"आजीसंग पोहे खाल्ले असन."

कोपऱ्यात पाटावर बसून वांगी चिरणाऱ्या सत्यशीलाबाईंनी मान वर केली. ही विशाखाची आई, कुंदाची सासू. बोलायची कमी आणि बोलली तर खालच्या आवाजात. "माह्यासंग नाई खाल्ले," ती म्हणाली. "मले तं म्हणे, मम्मीसंग खाल्ले."

कुंदाचा हात खिरीच्या पातेल्यात थांबला. नणंद आपल्याकडे पाहतेय हे तिला न बघताही कळत होतं. "खाल्ले असन कुठंतरी," ती म्हणाली आणि खीर उगाच जोरात ढवळू लागली.

तेवढ्यात भारत आला. काखेत फ्लेक्सची लांब गुंडाळी. बहिणीच्या पाया पडायचं सोडून त्यानं आधी ती ओसरीत पसरली. 'अखंड वर्षावास अष्टशील पालन केल्याबद्दल कु. पारमिता हिचे हार्दिक अभिनंदन.' शेजारी पांढऱ्या ड्रेसमधली, हात जोडलेली पारू.

"पाह्य ताई! या फोटोले मी हातही नाई लावला," तो छाती फुगवून म्हणाला. "नाई तं लग्नाच्या अल्बममध्ये एकेका नवरीले मी अर्धा अर्धा तास देतो. हनुवटी कर, गाल कर, दंड कर. हिचं काई कराच लागलं नाई."

विशाखा फोटोकडे पाहत राहिली. बोलणार होती, पण बाहेरून बाबांचा आवाज आला, "भंते आले! भंते आले! रस्ता मोकळा करा!" जणू काही फलाट क्रमांक दोनवर पुसद गाडी लागली होती.

पुढचा तासभर घरात सगळं रीतसर झालं. वंदना झाली, त्रिशरण झालं, भंते आसनावर बसले. ताटात वरण-भात, पोळी, वांग्याची भाजी, खीर. शेजारच्या दोन घरांनीही काही काही आणलं होतं. भंते मुकाट्यानं, खाली मान घालून जेवले. भिक्खूंनाही बाराच्या आत उरकायचं असतं. मग त्यांनी चार शब्द सांगितले, पारूच्या डोक्यावर हात ठेवला, आणि विहार कमिटीचे लोक त्यांना मोटारसायकलवर बसवून घेऊन गेले.

सत्यशीलाबाई या सगळ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. गुडघे दुखत असल्यामुळे त्यांना हल्ली उठ-बस करायचं काम सांगत नसत, आणि काम नसलेल्या बाईला फार दिसतं. त्यांना दिसत होता आपला नवरा. पौर्णिमा म्हटलं की या माणसाची साडेअकरानंतर नुसती धांदल. भंते उठले रे उठले की हा ताटावर. एक डोळा घड्याळाकडे, एक भाताकडे. "वाढ लवकर! अजून एक पोळी दे! खीर राह्यली!" मोठा शीलवान खरा, पण बाराच्या आत पोट भरून घ्यायची घाई पाहिली असती तर परक्याला वाटलं असतं याची गाडी सुटतेय.

"पारू, बस न माह्यासंग," ते भरल्या तोंडानं म्हणाले.

"आले आबा. पाहुण्याइले पाणी देते."

पाणी दिलं. मग ती भंतेंचं आसन घडी करायला गेली. मग शेजारणीचं पातेलं घासून द्यायला गेली. मग कोणाची तरी चप्पल सापडत नव्हती ती शोधायला गेली. प्रत्येक वेळी भिंतीवरच्या घड्याळाखालून गेली आणि प्रत्येक वेळी तिनं वर पाहिलं.

बाराचे ठोके पडले. आबांनी हात धुतला. आणि सत्यशीलाबाईंनी नातीचा चेहरा पाहिला. पेपर संपल्यावर वर्गातून बाहेर येणाऱ्या पोरीचा असतो तसा. खांदे खाली आले, कपाळ सैल झालं, ओढणीनं घाम पुसून ती सगळ्यात पुढच्या खोलीत पंख्याखाली जाऊन बसली.

शील पाळणाऱ्याला बाराच्या आत जेवायची घाई असते. या पोरीला बारा वाजायची घाई होती.

त्या उठल्या, भिंत धरून मधल्या खोलीत आल्या. तिथं धम्मरत्न लोडाला टेकून सुपारी कातरत होते आणि भारत फ्लेक्सला दोरी बांधत होता.

"आज पोरीचा सत्कार नका करू," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"काहून?"

"ती जेवत नाई."

"घ्या!" धम्मरत्न हसले. "बारानंतर जेवतच नाई. तेच तं शील हाये."

"बाराच्या आधीही जेवत नाई."

"तुले कोणं सांगतलं?"

"कोणं कायले सांगावं? डोये हायेत मले."

विशाखा आणि कुंदा दारात आल्या होत्या. विशाखानं आता मागचं-पुढचं पाहिलं नाही. "बाबा, मी कुंदाले विचारलं. पोरीचा महिना येऊन नाई राह्यला. दोनदा चुकला."

भारत एकदम दोरीकडे बघू लागला. धम्मरत्नांच्या हातातला अडकित्ता थांबला. या घरात बायकांना बाजूला बसवायची पद्धत उकंडाच्या काळीच मोडली होती, पण असं बापासमोर बोलायची अजून पडली नव्हती.

"दहावीचं टेन्शन असते," कुंदा पुटपुटली. "मले वाटलं..."

"तुले काय काय वाटते!" विशाखा म्हणाली. "रोज तिची वेणी घालते तू. केस गळून राह्यले, मूठमूठ. मले आल्या आल्या दिसलं ते."

"तुमाले आल्या आल्या सगळंच दिसते, ताई," कुंदाचा आवाज चढला नाही, पण धार आली. "दिवाळीत आलत्या तवाही दिसलं होतं. जीपमध्ये बसताना सगळ्याइसमोर काय म्हणाल्या? 'आमच्या पारूले दोन शिटा लागते.' ड्रायव्हरही हसला. पोरगी घरी आली अन रात्री जेवली नाई. मी तुमाले कधी बोलली नाई, आज बोलते."

विशाखाला ते आठवतही नव्हतं. गंमत केली होती, बस. लहानपणी तिला स्वतःला याच घरात 'पोतं' म्हणायचे, तिनं कुठं मनावर घेतलं होतं? आणि मग तिला आठवलं, की घेतलं होतं. चांगलंच घेतलं होतं. लग्न होईपर्यंत ती लोकांसमोर दुसरी पोळी घेत नसे. ती खाली बसली.

"झालं तुमचं?" धम्मरत्न म्हणाले. "एक लेकरू धम्माच्या वाटेनं निंगालं, तं चारी बाजूनं ओढून राह्यल्या. माह्या बापानं..."

"मामंजीचं मले नका सांगू," सत्यशीलाबाई शांतपणे म्हणाल्या. "मामंजी पौर्णिमेले तुमच्या दुप्पट जेवायचे. वरून लोटाभर ताक. अन मंग म्हणायचे, आता सकायपर्यंत चिंता नाई. त्याइनं कधी उपाशी राहून नाव नाई कमावलं."

भारत कधी नव्हे तो वडिलांच्या बाजूनं बोलला. "माय, सत्कार कसा थांबवता? अर्ध्या दारव्ह्याले सांगून झालं. तिलेच विचारा न, काय ते."

"विचारतो," धम्मरत्न उठले. "मीच विचारतो. कोणी मधात बोलू नका."

पुढच्या खोलीत पारूला सगळं ऐकू येत होतं. मधे दार नव्हतं, पडदाच होता. मांडीवर मोबाईल होता आणि त्यात आवाज बंद करून एक पोरगी काकडी कापत होती. पारूला तिचं पूर्ण दिवसाचं खाणं पाठ होतं. सकाळी काळी कॉफी, मग काकडी, मग एक वाटी काहीतरी, आणि बारानंतर काही नाही. वीस तास काही नाही. पोट सपाट, हात बारीक, आणि त्या पोरीचं म्हणणं होतं की सुरुवातीचे आठ दिवस त्रास होतो, मग शरीर ऐकतं. जूनमध्ये पारूनं ते पहिल्यांदा पाहिलं आणि आषाढात आबांच्या तोंडून तेच ऐकलं. मोबाईलमधली पोरगी आणि आबा एकच सांगत होते. फक्त पोरीचं ऐकलं असतं तर मम्मीनं लाटणं घेतलं असतं. आबांचं ऐकलं तर सगळ्यांनी पाठ थोपटली.

शरीर ऐकलंच होतं. डबा वर्गातल्या मैत्रिणी खायच्या. जिना चढताना डोळ्यांपुढे काळं यायचं, ते ती कठडा धरून उभी राहून घालवायची. रोज रात्री ती आरशासमोर फोटो काढायची आणि कालच्या फोटोशेजारी ठेवून बघायची. अजून नाही. अजून थोडं.

पडदा सरकला. आबा आले आणि समोर सतरंजीवर बसले. मोबाईलकडे त्यांनी पाहिलं, काही म्हणाले नाहीत.

"पारू, सातवं शील म्हण बरं."

तिला वाटलं, सत्कारात म्हणायला लावणार, त्याची तयारी. तिनं हात जोडले. "नच्च-गीत-वादित-विसूकदस्सन-माला-गंध-विलेपन-धारण-मण्डन-विभूसनट्ठाना वेरमणी सिक्खापदं समादियामि."

"एकही अक्षर चुकलं नाई. अर्थ सांग."

"नाच, गाणी, खेळ-तमाशे पाहणार नाही. नटणार नाही, सजणार नाही..." तिचा आवाज बारीक होत गेला. मांडीवर काकडीवाली पोरगी अजून काकडी कापत होती.

"हे कितीदा पाळलं?"

पारूनं जोडलेले हात खाली घेतले.

"रागावून नाई राह्यलो मी. आठातलं सहावंच काहून पाळत होती तू, येवढंच सांग."

पारूनं मोबाईल उलटा ठेवला. इतके दिवस तिनं ठरवून ठेवलेली सगळी उत्तरं होती: भूक नाही, शाळेत खाल्लं, पित्त झालं. पण आबा असे खालच्या आवाजात बोलले की त्यांच्याशी खोटं बोलता येत नसे. पुकारत असते तर जमलं असतं.

"मी शील नव्हती पाळत, आबा," ती म्हणाली. "बारीक होत होती."

"कायले?"

"फ्लेक्ससारखं दिसाले."

आबांना कळलं नाही. पडद्यामागं मात्र कोणाच्या तरी हातून काहीतरी पडलं.

"वाढदिवसाचा फ्लेक्स," पारू म्हणाली आणि मग थांबताच येईना. "चौकात लावलता न पपानं. त्यात पपानं माहे गाल कापले. हनुवटी कापली. दंडही कापले. मी शाळेत गेली तं पोरं म्हणे, फ्लेक्सवाली वेगळी, खरी वेगळी. रोज म्हणे, खरी आली, खरी आली. स्टेटसवर सगळे मम्मीले लिहीत होते, किती छान दिसून राह्यली तुमची पारू. ती मी नव्हतीच. आबा, पपालेच मी आवडत नव्हती तं लोकाइचं काय?"

भारत पडदा सारून आत आला. तोंड पांढरंफटक. दिवसभर लोकांच्या पोरींचे गाल आत ढकलायचे, पैसे घ्यायचे, ही त्याची रोजीरोटी. आपल्या लेकीचा फोटो उघडल्यावरही बोटं आपोआप तिथंच गेली होती. ते विचार करून करायचं कामच राहिलं नव्हतं.

"पारू, मी प्रेमानं केलं व," तो म्हणाला. "चांगली दिसावी म्हणून..."

"मी सांगतलं होतं तुह्या पपाले," मागून कुंदा म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं. नवऱ्यावर सगळं ढकलून ती गप्प राहू शकली असती. "मी म्हटलं, गाल जरा कमी करा. तुमच्या नातेवाइकाइनं नावं ठेवू नये म्हणून." ती चौकटीला टेकून रडू लागली. "सगळे मले बोलतात पारू, म्हणून मी तुले झाकत होती."

विशाखानं तिला धरलं. वीस वर्षांत या दोघी एकमेकींच्या इतक्या जवळ पहिल्यांदा उभ्या होत्या. "उद्या सकायी यवतमाळले जाऊ," विशाखा तिच्या कानाशी म्हणाली. "डॉक्टरीणबाईले दाखवू. तू अन मी, दोघीजणी. चूप आता."

भारत काही न बोलता मधल्या खोलीत गेला. बांधलेली दोरी सोडवून त्यानं फ्लेक्स गुंडाळला आणि मोठ्या कष्टानं पलंगाखाली सरकवला.

आबा जागेवरून हलले नव्हते.

"आबा, सत्कार रद्द नका करू," पारू म्हणाली. "सगळ्या शाळेले माहीत हाये."

"आणखी काई हाये तुह्या मनात. ते बोल."

तिनं ओढणीचं टोक पिळलं. "आज वर्षावास संपते. उद्यापासून मी घरी काय सांगू? सगळे जेव जेव करतीन. म्हणून सत्कार झाला की मी तुमाले म्हणणार होती, वर्षभर द्या म्हणून."

आता मात्र म्हातारा हादरला. कारण त्याला स्वतःचं मन माहीत होतं. चार वाजता, हारतुऱ्यांत, भरल्या सभेत नातीनं तसं मागितलं असतं, तर त्यानं दिलं असतं. डोळे पुसत पुसत दिलं असतं. माइकवर पुकारलं असतं.

"रोज सकायी मीच देत होतो तुले," ते म्हणाले. "भूक देत होतो अन मले वाटे, धम्म देऊन राह्यलो."

"तुमची काय चूक आबा, मीच मागितलं."

"मागतलं तरी देणाऱ्यानं पाहावं न, काय देतो ते. माह्यासमोर बसून माही नात वाळत गेली अन मी उच्चार तपासत होतो!"

ते उठले. खिशातून फोन काढून त्यांनी विहार कमिटीच्या सेक्रेटरीला लावला आणि पडद्याजवळ उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू येईल असं, पण पुकारल्यासारखं नाही, म्हणाले, "जयभीम. आज दोन सत्कार होणार नाईत. पारमिताचा अन माहा. हौ, माहाही. पोरीची तब्येत बरी नाई, दवाखान्यात न्यायची हाये, येवढंच सांगा लोकाइले. अन माहं शील मोडलं म्हणून सांगा... नाई, मोडलं नाई अजून. मोडाले चाललो."

फोन ठेवून ते स्वयंपाकघरात गेले आणि पाटावर बसले. "सत्यशीला, ताट वाढ."

"पारूले?"

"मले."

सत्यशीलाबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. लग्न होऊन आल्यापासून पौर्णिमेला बारानंतर या माणसाच्या ताटात त्यांनी शीतही वाढलं नव्हतं. तापानं फणफणले होते तेव्हा नाही, आई गेली त्या दिवशीही नाही. दिवसभर स्टँडवर उन्हात उभं राहून आलेले असायचे आणि नुसतं पाणी पिऊन झोपायचे.

"बाबा, तुमी कायले..." विशाखा म्हणाली.

"वाढ म्हटलं न. अन एक ताट समोर मांड. पारू, ये."

पारू आली. समोर बसली. आजीनं दोन्ही ताटांत थोडाथोडा भात वाढला, त्यावर वरण. भाताचा तो पांढरा ढीग पाहून पारूनं हात मांडीवरच ठेवला. त्यातलं किती म्हणजे किती, याचा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप सुरू झाला.

आबांनी भात कालवला. घास केला.

"आबा, तुमी नका न खाऊ," ती म्हणाली. "तुमचं मोडते."

"मोडू दे. चुकीचं दिलं मी. सोडायलेही मलेच लागन पयले."

"मले भेव लागते."

"कायचं?"

"खायचं." तिचे डोळे गळू लागले. "एक घास खाल्ला की सगळं वापस येईन असं वाटते. खरी आली, खरी आली म्हणतीन."

आबांनी स्वतःच्या हातातल्या घासाकडे पाहिलं.

"मलेही भेव लागून राह्यलं," आबा म्हणाले. "खरंच."

तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. आबा गंमत करत नव्हते. समजावतही नव्हते.

"मंग पयले तुमी," पारू म्हणाली.

त्यांनी घास तोंडात घातला. डोळे मिटून चावला. गिळताना त्यांच्या गळ्याची गाठ वर-खाली झाली आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. सत्यशीलाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"आता तू."

पारूनं चार शितं उचलली. परत खाली ठेवली. मग जरा जास्त उचलली, वरणात बुडवली आणि तोंडात घातली. ती खूप वेळ चावत राहिली. कोणी 'शाब्बास' म्हटलं नाही, कोणी 'अजून घे' म्हटलं नाही. शेवटी तिनं गिळलं आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"गेला?" आबांनी विचारलं.

तिनं मान डोलावली.

आबांनी दुसरा घास कालवला, हातात धरला, आणि तिचा होईपर्यंत थांबले.